लिथियमची गोळी, घरातील मीठ आणि आषाढीची वारी

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातील एका आईचे हे पत्र आहे. त्यांच्या २६ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी उन्मादाचा तीव्र झटका आला. कित्येक रात्री झोप नाही, अखंड बोलणे, उसने पैसे घेऊन न झेपणारे जमिनीचे व्यवहार, आणि त्यापाठोपाठ काही महिने गाढ नैराश्य असा तो काळ होता. मनोविकारतज्ज्ञांनी द्विध्रुवी विकाराचे म्हणजे बायपोलरचे निदान केले. लिथियम कार्बोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या तो रोज घेतो, गेले वर्षभर स्थिर आहे आणि पुन्हा कामावर जातो. ‘हे तर बॅटरीतले रसायन, मूत्रपिंडे निकामी करते’ असे एका नातेवाइकाने सांगितल्यापासून घर धास्तावले आहे. मुलाचे हात किंचित थरथरतात, त्याला तहान फार लागते आणि वजनही वाढले आहे. यंदा दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जाण्याची त्याची इच्छा आहे. ‘आता बरा आहे, तर गोळी बंद करावी का?’ असे त्या विचारतात. यजमानांच्या रक्तदाबामुळे घरात हल्ली सर्वांसाठीच जवळजवळ अळणी स्वयंपाक होतो, असेही त्यांनी ओघात लिहिले आहे.

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहिलेले ते शेवटचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. मुलाची गोळी बंद करू नका आणि त्याच्या जेवणातील मीठही तोडू नका. यजमानांसाठी मीठ कमी करणे योग्यच आहे. पण मुलाच्या ताटात पूर्वी जेवढे मीठ असे तेवढेच, रोज साधारण सारखे असावे. गेल्या काही आठवड्यांत ते अचानक कमी झाले असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांना तसे कळवून त्याच्या रक्तातील लिथियमची पातळी तपासून घ्या. इतकी घाई का करायची, हे पुढे सविस्तर सांगतो.

आधी बॅटरीचा मुद्दा. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलेले अर्धे खरे आहे. लिथियम हे मूलद्रव्य एकच आहे, आणि मोबाइलच्या बॅटरीसाठी लागणारी संयुगे तयार करताना लिथियम कार्बोनेट हाच एक प्रमुख कच्चा माल असतो. मात्र मूलद्रव्य एक म्हणून पदार्थ एक ठरत नाही. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, आणि त्याच सोडियमचे क्लोराइड आपण रोज आमटीत घालतो. लिथियम कार्बोनेट ही एक पांढरी, गंधहीन भुकटी आहे. तिच्या रेणूत लिथियमचे दोन, कार्बनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. ती पाण्यात फारच थोडी विरघळते, आणि बहुतेक क्षारांच्या उलट, पाणी तापवावे तशी आणखी कमी विरघळते: २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात जेमतेम ०.७ ग्रॅम. औषधासाठी वापरली जाणारी भुकटी औषधी शुद्धतेची असते आणि प्रत्येक गोळीतील मात्रा ठरलेली असते. इंटरनेटवर पूरक आहाराच्या नावाखाली विकले जाणारे लिथियमचे इतर क्षार मात्र कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

या मूलद्रव्याचा शोध १८१७ साली स्वीडनमध्ये योहान आर्फवेडसन यांनी लावला. उटो बेटावरच्या पेटालाइट या खनिजाचे ते पृथक्करण करीत होते. त्याचे क्षार ज्योतीत धरले की ज्योत गडद किरमिजी होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पाठ असते. याच रंगाने पुढे कित्येकांचे प्राण कसे वाचवले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि तुमच्या मुलाच्या रक्ततपासणीचे मूळ तिथेच आहे.

औषध म्हणून लिथियम प्रथम आले ते मनाच्या आजारासाठी नव्हे. युरिक आम्लाचे खडे लिथियमच्या द्रावणात विरघळतात असे प्रयोगशाळेत दिसल्यामुळे लंडनचे आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये गाउटवर, म्हणजे सांध्यांत युरिक आम्ल साचून होणाऱ्या दुखण्यावर, ते सुचवले. शरीरातील खडे विरघळतील इतके लिथियम देणे म्हणजे विषबाधा करणे होते, त्यामुळे तो उपचार टिकला नाही. १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅमंड यांनी उन्मादावर आणि १८८६ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे यांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यावर लिथियम वापरल्याच्या नोंदी आहेत. पण त्या विस्मरणात गेल्या. दरम्यान लिथियमयुक्त झऱ्यांचे पाणी आरोग्यवर्धक म्हणून विकले जाई, आणि १९२९ मध्ये बाजारात आलेल्या सेव्हन-अप या पेयातही सुरुवातीची काही वर्षे लिथियम सायट्रेट असे.

खरी कहाणी सुरू होते ती १९४८ मध्ये, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात. तेथील डॉक्टर जॉन केड दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षे सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात काही विषारी द्रव्य तयार होत असावे, अशी त्यांची कल्पना होती, आणि ते शोधण्यासाठी ते रुग्णांच्या लघवीचे परिणाम गिनीपिगांवर पाहत होते. लघवीतील युरिक आम्लाचा परिणामही त्यांना पाहायचा होता, पण ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून त्यांनी त्याचा लिथियम क्षार वापरला, आणि प्राणी अनपेक्षितपणे शांत झाले. नुसते लिथियम कार्बोनेट दिले तेव्हाही तेच घडले. त्यांची मूळ कल्पना चुकीची होती, आणि गिनीपिगांचे ते शांत होणे कदाचित विषबाधेचेच लक्षण होते, असे आज मानले जाते. तरीही त्यातून जे हाती लागले ते खरे होते.

त्यांचा पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता आणि सतत पाच वर्षे उन्मादाच्या अवस्थेत होता. २९ मार्च १९४८ रोजी त्याला लिथियम सुरू झाले. काही आठवड्यांत तो इतका सावरला की त्याला बरे होत असलेल्या रुग्णांच्या विभागात हलवले गेले, आणि जुलैमध्ये तो घरी जाऊन आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. ताई, पुढचे तुम्ही आणि तुमच्या मुलाने एकत्र बसून वाचावे असे मला वाटते. बरे वाटू लागल्यावर त्या माणसाने गोळ्यांकडे दुर्लक्ष केले, मग त्या सोडूनच दिल्या, आणि पुढच्या जानेवारीत तो पूर्वीच्याच अवस्थेत रुग्णालयात परत आला. पुन्हा लिथियम दिल्यावर तो पुन्हा सुधारला. १९५० मध्ये मात्र त्याच माणसाचा लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला, कारण रक्तात ते किती साचले आहे हे पाहण्याची पद्धत तेव्हा उपचाराचा भाग नव्हती. हे औषध काय देऊ शकते आणि दुर्लक्ष झाले तर काय हिरावून घेते, हे दोन्ही त्या एका आयुष्यात दिसते.

केड यांचा दहा उन्मादग्रस्त रुग्णांबद्दलचा निबंध ३ सप्टेंबर १९४९ रोजी प्रसिद्ध झाला. ती वेळ फार प्रतिकूल होती. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना साध्या मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिले जात होते, आणि त्यातून गंभीर विषबाधा व मृत्यू झाल्याने ते बाजारातून काढून घेण्यात आले होते. त्या रुग्णांच्या आहारातून सोडियम वगळलेले होते आणि त्याच्या जागी लिथियम आले होते, तेही मोजमापाशिवाय. तुमच्या घरच्या अळणी स्वयंपाकाचे वाचून मला हीच घटना आठवली. तुमच्याकडे परिस्थिती तितकी टोकाची नाही. दिशा मात्र तीच आहे.

कारण असे. लिथियमचे शरीरात विघटन होत नाही. यकृत त्याला हात लावत नाही आणि जवळजवळ सगळे लिथियम लघवीवाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडे रक्त गाळतात तेव्हा लिथियम गाळलेल्या द्रवात उतरते, पण सोडियम परत शोषून घेतले जाते त्याच वाटेने लिथियमचाही मोठा भाग परत रक्तात येतो. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडले की मूत्रपिंडे जास्तीत जास्त सोडियम राखून ठेवू पाहतात, आणि त्याबरोबर लिथियमही राखले जाते. गोळ्या तेवढ्याच असतात, पातळी मात्र चढत जाते. उलट एकाएकी खूप मीठ खाल्ले तर लिथियम अधिक बाहेर टाकले जाते आणि औषध अपुरे पडते. म्हणून मी ‘पूर्वीइतकेच आणि रोज सारखे’ म्हणालो. जास्त मीठ घाला असे म्हटलेले नाही. कमी सोडियमचे जे मीठ दुकानांत मिळते, तेही मुलाच्या जेवणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पातळीचे आकडे तुम्हाला ठाऊक असलेले बरे. दीर्घकाळच्या उपचारात रक्तातील लिथियम बहुधा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल, आणि तीव्र उन्मादात १ च्या आसपास ठेवले जाते. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका सुरू होतो, आणि काही रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, त्याआधीही त्रास होतो. उपयुक्त आणि घातक यांच्यात इतके थोडे अंतर असलेली औषधे मोजकीच आहेत. नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी दिला तरच आकड्याला अर्थ असतो. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्यावे आणि सकाळची गोळी असल्यास ती त्यानंतर घ्यावी. प्रयोगशाळेत लवकर नंबर लागावा म्हणून वेळ बदलू नका. १९५१ मध्ये मेलबर्नमध्येच नोआक आणि ट्राउटनर यांनी शंभरांहून अधिक रुग्णांना लिथियम दिले, आणि ट्राउटनर यांनी रक्तातील मोजणीवर भर दिला. त्या काळी ही मोजणी ज्योतीच्या रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाने होई; मघाचा किरमिजी रंग तो हाच. आज बहुतेक प्रयोगशाळा इतर पद्धती वापरतात, तत्त्व तेच राहिले आहे: मोजल्याशिवाय लिथियम द्यायचे नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बरा आहे, तर बंद का करू नये? याचे उत्तर डेन्मार्कमध्ये मिळाले. मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये उन्मादावर लिथियमची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली, आणि पुढे पौल बास्ट्रुप यांच्यासह हे औषध पुढचे झटकेही टाळते असे दाखवले. यावर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा त्यांनी किमान वर्षभर लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांची चाचणी केली. ४५ जणींना लिथियम चालू ठेवले, ३९ जणींना दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, आणि कोणाला काय मिळते हे ना रुग्णांना ठाऊक होते ना तपासणाऱ्यांना. पाच महिन्यांत औषध नसलेल्या ३९ पैकी २१ जणींना आजार उलटला. लिथियम घेणाऱ्या ४५ पैकी एकीलाही नाही. हा निबंध १९७० मध्ये आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेने उन्मादासाठी लिथियमला मान्यता दिली. त्या ८४ जणी सुरुवातीला तुमच्या मुलासारख्याच होत्या, वर्षभर पूर्ण बऱ्या. बरे असणे हे औषध चालू असल्याचे फळ होते.

लिथियम अचानक थांबवले तर उन्माद लवकर उलटण्याची शक्यता विशेष वाढते. पुढे कधी ते बंद करायचे ठरलेच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवड्यांत आणि शक्यतो तीन महिन्यांत, हळूहळू मात्रा उतरवावी. आणखी एक गोष्ट आईला लिहिताना जड जाते, पण सांगायला हवी. या विकारात आत्महत्येचा धोका मोठा असतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या कमी आढळल्या आहेत; नंतरच्या प्रत्येक चाचणीत तसे दिसले नाही, तरीही हा लाभ गांभीर्याने घेण्याजोगा आहे. मुलगा कधी निराश, अबोल झाला किंवा जगण्याविषयी नकोसे बोलू लागला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. ते भेटेपर्यंत शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

मूत्रपिंडांविषयीची भीती निराधार नाही. अनेक वर्षे लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींची मूत्रपिंडे हळूहळू मंदावतात, आणि पातळी वारंवार चढत राहिली तर हा धोका वाढतो. थायरॉइड मंदावणे त्याहून अधिक आढळते आणि त्यावर सोपा उपचार आहे. काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढते. म्हणून स्थिर रुग्णाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी पाहावे, आणि लिथियमची पातळी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. वेळेवर तपासण्या होत असतील तर बिघाड लवकर कळतो आणि मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे शक्य होते. लिथियम स्वस्त आहे, आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि तरी अनेकांना ते सुचवलेच जात नाही. यामागे या तपासण्यांचा कंटाळा आणि भीती हेही कारण आहे, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

हातांचा बारीक कंप, तहान आणि वारंवार लघवी हे लिथियमचे नेहमीचे परिणाम आहेत. तहान लागेल तेव्हा त्याने पाणी प्यावे. पाणी तोडून लघवी कमी करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तो तहान सरबताने किंवा शीतपेयाने भागवत असेल, तर वाढत्या वजनाचे एक कारण तेच असू शकते, आणि वजनासाठी मिठाऐवजी साखरेला आवर घालावा. मात्र हात जोराने थरथरू लागले, चालताना झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, गुंगी आली किंवा बोलण्यात विसंगती दिसली, तर पुढची गोळी न देता त्याला थेट रुग्णालयात न्या आणि ‘हा लिथियम घेतो’ हे दारातच सांगा. अशा वेळी शिरेतून सलाइन आणि फार वाढलेल्या पातळीत डायलिसिस करून लिथियम काढता येते. उशीर झाल्यास मेंदूवर कायमचे परिणाम राहू शकतात.

वारीला त्याने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. त्याच्या मनाला त्याची गरज असेल, तर तयारीनिशी जाऊ द्या. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पातळी आणि क्रिएटिनिन तपासून, डॉक्टरांची संमती घ्यावी. चालताना घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, म्हणून नुसत्या पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक किंवा जलसंजीवनी अधूनमधून घ्यावी. एकादशीला फराळ करून उपवास करण्यास हरकत नाही, फराळाच्या पदार्थांत सैंधव असतेच. निर्जळी उपवास मात्र त्याने करू नये. वाटेत जुलाब किंवा ताप आला, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, आणि गोळीचे काय करायचे ते त्यांनीच ठरवावे. गुडघे व पाय दुखतात म्हणून वैद्यकीय मदतकेंद्रावर सहज मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याने घेऊ नयेत, कारण त्या लिथियमची पातळी वाढवतात, पॅरासिटामॉल चालते. वडिलांप्रमाणे त्यालाही पुढे कधी रक्तदाब निघाला, तर हायड्रोक्लोरोथायझाइड, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांनीही हेच घडते, म्हणून त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लिथियमची कल्पना असायला हवी. कोणी पंचकर्म सुचवले, तर वमन आणि विरेचनात पाणी व क्षार जातात हे लक्षात घेऊन आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावे.

वाचकांपैकी लिथियम घेणाऱ्या ज्या स्त्रियांना मूल हवे आहे, त्यांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयातील दोषाचा धोका थोडा वाढतो, पूर्वी समजले जाई त्यापेक्षा तो कमी आहे, आणि घाबरून एका दिवसात गोळी सोडणे आईसाठी फार धोक्याचे ठरू शकते.

मुलाच्या खिशात एक कागद कायम असू द्या. त्यावर त्याचे नाव, औषधाची रोजची मात्रा, शेवटच्या तपासणीची तारीख व पातळी, आणि डॉक्टरांचा व तुमचा फोन क्रमांक लिहा, आणि प्रत्येक तपासणीनंतर तो बदला. येत्या भेटीत त्याला एकट्याला न पाठवता बरोबर जा, अळणी स्वयंपाक केव्हापासून सुरू झाला ते सांगा, आणि कंप कमी व्हावा म्हणून मात्रा किंवा गोळीची वेळ बदलता येईल का, हेही तिथेच विचारून घ्या.